फासळ्या शिजत आहेत

आधी बसा.

ओट्याजवळ पाट असेल तर पाटावर, नाहीतर खुर्चीत. सकाळचे आठ वाजलेत. कामावर निघायला अजून थोडा वेळ आहे. तो थोडा वेळ इथे द्या.

उजवा हात छातीच्या डाव्या बाजूला ठेवा, काखेच्या थोडा खाली. बोटं पसरा.

श्वास घ्या.

बोटांखाली फासळ्या वर उचलल्या जातात. बोटं एकमेकांपासून किंचित लांब होतात.

श्वास सोडा. फासळ्या खाली बसतात.

पुन्हा एकदा. घाई नाही.

आपल्या छातीत फासळ्यांच्या 12 जोड्या आहेत. दर दोन फासळ्यांच्या मधे मांसाची एक चिंचोळी पट्टी आहे. आपण जन्मलो तेव्हापासून ती हलते आहे. आपण झोपतो, ती झोपत नाही. आपण तिला कधी काही सांगितलेलं नाही, तरी ती या क्षणीही काम करते आहे.

तिच्यासोबत थोडं थांबा.

आता हात खाली घ्या, आणि समोर बघा.

समोर परातीत दीड किलो फासळ्या आहेत. डुकराच्या. काल संध्याकाळी आणलेल्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या.

नुसतं बघा. हात लावू नका अजून.

हाडं वाकलेली आहेत. सगळी एकाच दिशेला, एकाच कलाने. हाडांच्या मधे तीच चिंचोळी पट्टी. गुलाबी, कडेला पांढरी. ही पट्टीही उचलत होती, बसत होती. गवतात नाक खुपसताना, पिलांना पाजताना, चिखलात लोळून दुपारी झोपल्यावर. डुकराच्या छातीत बहुधा 14 किंवा 15 जोड्या असतात. आपल्याहून दोन-तीन जास्त.

हे मांस श्वासाने घट्ट झालेलं आहे.

म्हणूनच ते कडक असतं. जो स्नायू जन्मभर राबतो, त्याच्या धाग्याधाग्याला कोलॅजेनचं चिवट वेष्टण असतं. मोठ्या जाळावर, घाईत, ते आक्रसतं आणि मांस वातड होतं. त्याला वेळ लागतो. मंद आच, थोडं पाणी, आणि वेळ.

परातीकडे बघत एक श्वास घ्या. जिवाची आठवण ठेवायला एवढं पुरेसं आहे.

*

आता हात लावा.

फासळ्या गार आहेत. बोटाला किंचित चिकट लागतात.

आतल्या बाजूला, हाडांवर, एक पातळ पापुद्रा असतो. दुकानात सांगितलं असेल, "भाऊ, आतला पापुद्रा काढून द्या, आणि दोन-दोन फासळ्यांचे तुकडे करा," तर काम झालेलं असतं. नसेल, तर बोथट सुरी एका हाडावर पापुद्र्याखाली सरकवा, सुटलेलं टोक फडक्यात धरा आणि ओढा. हळू. तो फाटत नाही, सोलून येतो. चरचर आवाज होतो. ऐका तो.

पापुद्रा राहिला तर मसाला आत जात नाही.

मीठ घ्या. चिमटीत धरून वरून सोडा. हळद. भिवापुरी मिरचीची पूड, लाल, जरा जाडसर. भिवापूर शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, पण ही मिरची चंद्रपूरच्या घरांतही तितकीच आपली. धणे, जिरं, दोन लवंगा, बोटभर कलमी, थोडं दगडफूल, हे सगळं तव्यावर कोरडं भाजून खलबत्त्यात कुटलेलं. ठेचलेला लसूण, ठेचलेलं आलं.

तळहाताने चोळा. एकेक तुकडा उचलून, हाडाच्या बाकावरून अंगठा फिरवत. लाल रंग पांढऱ्या चरबीवर पसरतो. वास नाकाशी येतो. दगडफुलाचा वास ओल्या झाडाच्या सालीसारखा, पहिल्या पावसातल्या.

थांबा त्या वासात.

मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याच्या तळाशी तीन कांदे, जाड उभे कापलेले. त्यावर फासळ्या, हाडाची बाजू भिंतीकडे करून. वरून चिंचेचा कोळ, अर्धी वाटी. आवळ्याएवढा गुळाचा खडा. पाणी अगदी अर्धी वाटी.

एवढं कमी पाणी बघून मन चुळबुळतं. अजून ओतावंसं वाटतं. ओतू नका. इथून वाफ बाहेर जात नाही. कांदा पाणी सोडेल, मांस पाणी सोडेल. संध्याकाळी रस्सा आपसूक दिसेल.

झाकण ठेवा.

बटण ‘लो’ वर.

बारीकसा दिवा लागतो. आवाज काही होत नाही.

*

तुम्ही आता कामावर आहात.

मूलच्या बँकेत, ब्रह्मपुरीच्या शाळेत, गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात, राजुऱ्याच्या एसटी आगारात. समोर फाइल आहे, फळा आहे, रांग आहे. भांडं घरी आहे.

इथून त्याच्याकडे बघा. डोळे मिटायची गरज नाही. रांगेतल्या दोन माणसांच्या मधे जेवढी फट असते, तेवढी पुरते.

पहिला तास. भांडं अजून कोमटच आहे. चिनी मातीचं जाड भांडं, त्याच्या कडेने आतल्या आत तापणारी तार. आच खालून भडकत नाही, चहूबाजूंनी येते. माती आधी स्वतः तापते, मग देते.

तिसरा तास. झाकणाच्या काचेवर आतून थेंब जमलेत. एक थेंब मोठा होतो, घसरतो, कडेला जातो, पुन्हा रश्श्यात पडतो. दुसरा जमतो.

त्या एका थेंबापाशी राहा.

जमतो. घसरतो. पडतो.

घरी कुणी असेल तर त्यांना एवढंच सांगून ठेवा की झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि शिजायला पंधरा-वीस मिनिटं वाढतात. बघावंसं वाटतंच. काचेतून बघा.

पाचवा तास. मांसाच्या आत 70 अंशांच्या पुढे ऊब गेली आहे. तिथून पुढे कोलॅजेन सैल होऊ लागतं. विरघळतं, जिलेटिन होतं, रश्श्यात उतरतं. हे वेगाने होत नाही. आच दुप्पट केली तरी अर्ध्या वेळात होत नाही.

श्वास घ्या. फासळ्या उचलतात. श्वास सोडा.

*

आता थोडं आग्नेयेला चला. गडचिरोली मागे पडतं, आल्लापल्लीचं सागवान लागतं, हेमलकसा, मग भामरागड. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम जिथे भेटतात तो भाग.

एका माडिया घराच्या अंगणात या. लाकडांच्या कुंपणाला लागून उभे राहा. मोहाच्या झाडाखाली एक काळी डुकरीण आहे, मागे पिलं. ती नाकाने माती उकरते. तिच्या कुशीकडे बघा. कुशी वर होते, खाली होते.

इथे डुकरं घरच्या जनावरांत असतात, कोंबड्या-बकऱ्यांसारखी. पंडुमच्या, म्हणजे सणाच्या दिवशी, देवापुढे आणि मग माणसांपुढे येतात. जंगलातलं रानडुक्कर वेगळं. ते जंगलाचं आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या छायेत आहे. त्याला तिथेच असू द्या.

घरात तीन दगडांची चूल आहे. तिच्यात लांब लाकडं आहेत. टोकं मधे भिडलेली, बाकीची लांबी बाहेर. भांड्यात मांस आहे, पाणी, मीठ, हळद, मिरची. तेल नाही. चरबी स्वतःच सुटते आणि तिच्यातच सगळं शिजतं.

चुलीजवळ बसलेल्या बाईंच्या हाताकडे बघा.

आच जास्त झाली की त्या लाकूड चार बोटं बाहेर ओढतात. कमी झाली की आत सरकवतात. एवढंच. फुंकणी बाजूला पडलेली आहे. जाळ नाही, नुसते निखारे आहेत, आणि निखाऱ्यावर राखेची पातळ साय. मधूनच राख सरकते आणि खाली लाल दिसतं.

त्या लालाकडे बघा.

त्या बोलत नाहीत. भांडं बोलतं. बुडबुडा येतो, फुटतो. मोठा अवकाश जातो. पुन्हा येतो.

तुमच्या ओट्यावरच्या बटणाचं काम इथे एक हात करतो. आणि तो हात त्या भांड्याजवळ असतो, दुपारभर. मला ही चूल बटणाहून थोर वाटते. तिच्याजवळ कुणालातरी बसावं लागतं, म्हणून. पण तिच्यासाठी मोळी डोक्यावर आणावी लागते आणि धूर डोळ्यांत घ्यावा लागतो, तेही त्याच बाईंना. ज्यांना दिवसभर घराबाहेर राबायचं आहे, त्यांच्या ओट्यावर एखादं भांडं आपणहून मंद शिजत राहिलं, तर मला त्याचा आनंद होतो.

*

या भांड्यालाही एक चूल आहे. जरा दूर आहे, एवढंच.

चंद्रपूरच्या बाहेर, दुर्गापूरकडे, उंच धुरांडी दिसतात. 2920 मेगावॅटचं वीजकेंद्र. इरई धरणाचं पाणी, आजूबाजूच्या खाणींतला कोळसा. तुमच्या भांड्याला ताशी फार वीज लागत नाही. 200 वॅटचं भांडं आठ तास चाललं की दीड युनिटाच्या थोडी वर. त्यासाठी वीजकेंद्रात साधारण किलोभर कोळसा जळतो.

किलोभर कोळसा. दीड किलो फासळ्या.

तो एक किलो कोळसा तळहातावर घेतल्याची कल्पना करा. काळा, हलका, एका बाजूने चकाकणारा. बोटांना काळं लागतं.

हे जंगल आहे.

25 कोटी वर्षांहून जुनं. वर्धेच्या खोऱ्यात तेव्हा दलदल होती आणि दलदलीत ग्लोसोप्टेरिसची झाडं होती, जिभेसारख्या लांब पानांची. पानं पडली, चिखलात दबली, वर गाळ आला, त्यावर आणखी गाळ. जमिनीच्या पोटात ऊब होती, भार होता, आणि वेळ होता.

थांबा इथे.

त्या पानांवर ऊन पडलं होतं. ते ऊन आज तुमच्या ओट्यावर आहे, झाकणाखाली.

भामरागडच्या चुलीतलं लाकूड काही वर्षांचं ऊन देतं. हे भांडं खूप जुनं ऊन देतं. दोन्हीकडे जंगलच जळतं आहे. आणि या दुसऱ्या चुलीचाही धूर असतो. चंद्रपूरच्या गच्च्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, मुलांच्या छातीत तो उतरतो. बसल्या बसल्या तोही आठवू द्या. त्याला बाहेर ठेवून हे बसणं खरं होणार नाही.

श्वास घ्या. हाच श्वास, इथलाच.

सोडा.

*

संध्याकाळी घराकडे वळताना एक दूरची गोष्ट सोबत घ्या.

शिकागोत आयर्विंग नॅक्सन नावाचे एक यंत्रकार होते. त्यांच्या घरात लिथुआनियातल्या आठवणी सांगितल्या जात. शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यू घरांत विस्तव पेटवायचा नाही, मग शनिवारी गरम जेवण कसं मिळायचं? घरोघरची भांडी शुक्रवारीच बेकरीत नेऊन ठेवत. भट्टी विझलेली असे, पण तिची ऊब रात्रभर राही. घेवड्यासारख्या द्विदल बिया, बटाटे, मांसाचा तुकडा, सगळं त्या उरलेल्या उबेत शिजे. ती आठवण मनात धरून नॅक्सननी तापणाऱ्या तारेचं एक भांडं बनवलं. त्याचं पेटंट त्यांना 1940 मध्ये मिळालं. 1971 पासून ते भांडं क्रॉक-पॉट या नावाने घराघरांत गेलं.

त्या ज्यू घरांत डुकराचं मांस कधी शिजलं नसतं. पण विझलेल्या भट्टीची ऊब भामरागडच्या त्या बाईंनी लगेच ओळखली असती.

रस्त्याकडे बघा. पौषातली संध्याकाळ लवकर येते. धानाच्या कापलेल्या बांध्यांत लाखोळी हिरवी दिसते आहे.

*

दार उघडा.

आत जाऊ नका अजून. उंबऱ्यावर थांबा.

वास येतो.

आधी गुळाचा, जरासा करपल्यासारखा. मग चिंच. मग मिरची, घशात हलकी टोचणारी. आणि या सगळ्यांच्या खाली एक जड, गोड, तेलकट वास, तो चरबीचा. सकाळी हे वास वेगवेगळे होते. आता ते एकमेकांत मुरलेत.

नाकाने एक लांब श्वास. फासळ्या उचलतात.

हात-पाय धुवा. आणि भांड्याआधी तांदळाकडे या.

ताटात एचएमटी तांदूळ निवडायला घ्या. बारीक, लांबट दाणा. तो बोटांमधून जाऊ द्या. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे एक शेतकरी होते. जमीन थोडी, शाळा थोडी. 1983 मध्ये त्यांच्या धानात पटेल-3 जातीच्या लोंब्यांमधे तीन लोंब्या त्यांना वेगळ्या, पिवळसर दिसल्या.

त्यांनी पाहिल्या.

आख्खं शेत धानाने भरलेलं असताना तीन लोंब्या पाहिल्या. तोडून वेगळ्या ठेवल्या. पुढच्या हंगामात पेरल्या. पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. काही वर्षं असं चाललं. तेव्हा लोकांच्या मनगटावर एचएमटीची घड्याळं असत, त्यांचंच नाव या धानाला मिळालं, आणि ते धान विदर्भाबाहेर कुठल्या कुठे गेलं. दादाजी 2018 मध्ये गेले. त्यांच्या हाती पैसा फारसा आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

एक दाणा चिमटीत धरा. उजेडाकडे धरा. बघा.

मग भात लावा.

*

आता झाकण.

दोन्ही हातांनी उचला, आपल्यापासून लांब कलतं करून. वाफ वर जाते. चेहऱ्यावर येऊ द्या, जपून.

फासळ्या बघा. सकाळी मांस हाडाच्या टोकापर्यंत होतं. आता ते मागे सरलं आहे आणि बोटाच्या पेराएवढं पांढरं हाड उघडं दिसतं. मांस गडद तपकिरी आहे. कांदा दिसतच नाही, तो विरून गेला. रश्श्यावर लाल तेल तरंगतं आहे, आपली तर्री, न मागता आलेली.

एक हाड चिमट्यात धरा आणि अलगद पिळा.

ते फिरतं. मांस त्याला धरून ठेवत नाही.

जन्मभर एकमेकांना घट्ट धरून होते ते दोघे. आता सुटले. ओढलं नाही, कापलं नाही.

इथे थोडा वेळ घ्या. हाड पुन्हा खाली ठेवा.

मांस आतून गुलाबी राहिलं नाही ना, हे नीट बघा. डुकराच्या मांसाला हे बघणं लागतंच. मोकाट फिरणाऱ्या डुकरांच्या मांसात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात, आणि पूर्ण शिजण्याने त्या मरतात. आठ तासांच्या आचेवर काळजीचं कारण उरत नाही, पण दुकान ओळखीचं असावं आणि बघायची सवय असावी.

फासळ्या ताटलीत काढा. रस्सा लोखंडी कढईत ओता आणि गॅस मोठा करा. दिवसभरातला पहिला मोठा जाळ हाच. रस्सा उसळतो, दाटतो, चकाकतो. चमच्याच्या पाठीवर थर धरू लागला की फासळ्या त्यात सोडा, एकदा उलटा, कडा जरा करपू द्या. तीन-चार मिनिटं.

वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. हिरवा, बारीक चिरलेला, भरपूर.

*

जेवायला बसा. सगळ्यांना हाक मारा.

पहिला घास कुणी बोलण्याआधीचा. हाताने खा. चमचा नको.

भात मऊ, मोकळा. त्यावर दाट रस्सा. फासळी दोन बोटांत. मांस दाताला लागतं न लागतं तोच सुटतं. ओठ एकमेकांना किंचित चिकटतात. ते जिलेटिन, दिवसभर विरघळलेलं. आंबट आधी, मग गोड, आणि तिखट मागून, कानापर्यंत.

चावा. गिळा. हात थांबू द्या.

श्वास घ्या. छातीत फासळ्या उचलतात, ताटात फासळ्या आहेत.

याबद्दल काही ठरवायचं नाही. दोन्ही आहेत.

दुसरा घास.

मग बोलणं सुरू होतं. होऊ द्या. कुणी म्हणतं तिखट जास्त झालं. कुणी भात मागतं. धाकटं लेकरू हाड चोखतं, त्याच्या कोपरापर्यंत ओघळ गेला आहे. कुणीतरी ताटलीतली शेवटची फासळी आईच्या ताटात सरकवतं, आणि ती परत सरकवते. हे आवाजही ऐका, थेंबाइतक्याच लक्षाने.

रस्सा उरला तर काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तो खाली थिजलेला असेल आणि वर पांढऱ्या चरबीचा थर. थर चमच्याने काढून वाटीत ठेवा. रस्सा दुपारच्या डब्यात भातावर चालतो. चरबी परवा आंबाडीच्या भाजीला, लसणाच्या फोडणीला वापरा.